दोर ढिला पडू द्यायचा नाही

सुरूरच्या फाट्यावर इंजिननं जीव सोडला तेव्हा
साखरपुड्याची माणसं
पेढ्यांचे बॉक्स घेऊन एसटीत चढली.
नवरीची आत्या तेवढी खिडकीतून म्हणाली,
"मग भाडं अर्धंच ना?"

मी राहिले आणि व्हॅन.
पाठीवर 'शाळेची मुले, सावकाश',
आत पहिलीतल्या कुणीतरी चिकटवलेला
अर्धा सोललेला वाघ.

विटा सव्वाशे किलोमीटर.
साताऱ्याचा भंगारवाला म्हणाला, पंधरा हजार, जागेवर.
क्रेनवाला म्हणाला, तेरा.
मग मी तो नंबर लावला
जो हक्कसोडाच्या कागदानंतर चार वर्षं लावला नव्हता.
नाव काढून टाकलं होतं मोबाइलमधून.
बोटांतून राहिलं होतं काढायचं.

हणमंत साडेनऊला आला,
पिकअपमध्ये द्राक्षांचे रिकामे क्रेट खडखडत.
कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.
बंपरखाली वाकून गाठ मारता मारता एवढंच:
"चावी चालू ठेव, नायतर स्टिअरिंग लॉक हुतंय.
गिअर न्यूट्रल.
आन् दोर ढिला पडू दिऊ नगंस.
वढून तुटत न्हाय त्यो. झटक्यानं तुटतोय."

दोर ओळखीचा होता.
आमच्या विहिरीत पंप सोडायचा, निळा,
आता मळून काळा.

पहिले दहा किलोमीटर मी नुसती त्याची नंबरप्लेट वाचली.
बंद गाडी चालवायला जास्त ताकद लागते.
ब्रेक दगड होतो.
हॉर्न आधी बेडकासारखा, मग तोही नाही.
आणि पुढच्यानं ओढायचं,
थांबवायचं मात्र मागच्यानं.

आनेवाडीच्या टोलवर पोरगं चक्रावलं.
"दोन गाड्यांचा घ्यायचा का एकीचा?"
"मागची बंद हाय."
"चाकं फिरत्यात न्हवं?"
मागं ट्रकवाल्यांनी शिमगा मांडला.
"मागची कुणाची हाय पण?"
"आमचीच," हणमंत म्हणाला.

काच खाली होती. मी ऐकलं.
सातबाऱ्यात हा शब्द कुठल्या रकान्यात बसतो
ते तलाठ्याला विचारलं पाहिजे एकदा.

अतीत ओलांडलं आणि उतार लागला.
व्हॅन आपल्याच वजनानं धावायला लागली,
आवाज नाही, धूर नाही,
नुसते टायर, आणि कुठूनतरी मळीचा वास.
दोर रस्त्यावर घासत होता.
मागून एका ट्रकचा उजेड पडला
तेव्हा त्याच्या आरशात त्याचे डोळे दिसले,
माझ्याकडं लागलेले.
त्यानं हात बाहेर काढून वरखाली केला: हळू, हळू.

असाच हात मी करायचे,
तो पोहायला शिकत होता तेव्हा.
कमरेला पत्र्याचा डबा, डब्याला दोर,
दोराचं टोक काठावर माझ्याकडं.

ब्रेकवर दोन्ही पाय देऊन उभी राहिले.
दोर ताणला.

कराडला त्यानं दोन चहा सांगितले,
एक बिनसाखरेचा.
शुगर मला गेल्या दिवाळीत निघाली.
कुणी सांगितलं, मी विचारलं नाही.

कडेगावच्या अलीकडं दोर तुटला एकदा.
गाठ मारली.
हातभर कमी झाला.

विट्यात माझ्या दारात पावणेतीन.
बंपरची गाठ सुटेना, दातानं नाही, पान्यानं नाही,
ताणून ताणून सुपारी झाली होती.
"कापू?" तो म्हणाला.
"विहिरीचा आहे," मी म्हणाले. "सकाळी बघू."
तो क्रेट सरकवून पोत्यावर आडवा झाला,
मी व्हॅनच्या मागच्या बाकावर, वाघाशेजारी.

साडेसहाला शेजारचा अर्णव दप्तर घेऊन आला.
दोन्ही गाड्यांभोवती फेरी मारली,
मधल्या दोरावरून दोनदा उडी मारली,
आणि काचेवर टकटक करून म्हणाला,
"मावशी, आज दोन डबे?"